समाधानच्या वाट्याची जागा

निपाणीची सुविधा घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करते. वडील सिद्राम तंबाखूच्या वखारीत हमाल होते. पोरीनं खुर्चीवर बसून काम करावं एवढीच त्यांची इच्छा. सुविधा बसली स्कूटरवर. पंचक्रोशीत तिचं नाव झालं ते एका गोष्टीमुळं: ती कुणाची फाईल उघडत नाही.

कोगनोळीच्या विक्रमकडं ती दुसऱ्यांदा गेली ती भर दुपारी. कॉम्प्युटर त्याच्या थोरल्या भावाचा, समाधानचा. दोन वर्षांमागं हायवेवर अपघातात तो गेला. त्यानं एकाच डिस्कचे दोन भाग करून एकात विंडोज टाकलं होतं, दुसऱ्यात लिनक्स ही वेगळी प्रणाली. विक्रम टेम्पोच्या धंद्यासाठी विंडोज वापरायचा आणि ते गच्च भरलं होतं.

"आक्का, त्याचा भाग नुसता पडून हाय. काढून इकडं जोडा."

सुविधानं मागच्या खोलीत जाऊन आपला पेन ड्राईव्ह लावून मशीन सुरू केलं आणि दोन्ही भाग पडद्यावर आणले. मार्चमध्ये ती पहिल्यांदा आली तेव्हा समाधानच्या भागात साठ जीबी मोकळे होते, तिच्या वहीत तसं लिहिलेलं होतं. आता अकराच उरले होते.

"हे कोण वापरतं?"

"कोण न्हाय. पासवर्ड त्याच्याबरोबरच गेला."

विक्रम टेम्पो घेऊन निघून गेला. पेन ड्राईव्हवरून मशीन सुरू केल्यानं सुविधाला पासवर्ड लागला नाही; तिनं त्या भागातल्या फायलींच्या तारखा पाहिल्या. जवळजवळ रोजची एक नवी फाईल, कालचीसुद्धा होती. तिनं मशीनच्या सेटिंग्ज एकेक करून तपासल्या.

मग उलगडा होत गेला. गेलेली लाईट परत आली की हे मशीन आपोआप सुरू व्हायचं. दोन्हींतलं एक निवडायला समोर कोणी नसलं की लिनक्स उघडायचं. समाधानला आवाज गोळा करायचा नाद होता. सुरू झाल्याबरोबर, पासवर्ड टाकायच्या आधीच, रेकॉर्डिंग व्हावं अशी सोय त्यानं करून ठेवली होती, आणि टेबलावरचा माईक कुणी काढलाच नव्हता. संध्याकाळी विक्रम येऊन मशीन बंद करायचा. म्हणजे भूतबीत काही नव्हतं.

तरीही आयुष्यात पहिल्यांदा तिनं दुसऱ्याची फाईल उघडली. हेडफोन कानाला लावला.

पंख्याची घरघर. लांबवर ट्रकचा हॉर्न. मग विक्रमच्या आईचा, नागुबाईंचा आवाज: "आलास व्हय रं?"

थोडा वेळ काहीच नाही.

"व्हय, जेवले मी. भाकरी न् आमटी."

पुन्हा शांतता. मग नागुबाई हसल्या, कुणीतरी गंमत केल्यावर हसावं तशा. सुविधानं आवाज पार वर नेला. मधल्या जागेत पंख्याशिवाय काही नव्हतं.

तिनं कालची फाईल लावली.

"उद्या ती निपाणीची पोरगी येणार हाय. तुझी जागा काढायला." बराच वेळ शांतता. "बरं. न्हाय सांगत तिला काय."

सुविधानं हेडफोन काढला. पण काम तिनं केलं. आवाजाच्या फायली दाबून दहाव्या हिश्शावर आणल्या, एकही पुसली नाही. समाधानच्या भागात साठ जीबी मोकळे ठेवले, उरलेले विंडोजला दिले. सरकवासरकवीला तीन तास गेले. लाईट गेली असती तर दोन्ही बाजू उडाल्या असत्या. ती जागची हलली नाही.

निघताना दारात नागुबाई शेंगा निवडत बसल्या होत्या.

"झालं गं?"

"झालं, मावशी. त्यांचा भाग ठेवलाय."

"बरं केलंस." मग सूप बाजूला ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "तू कानाला लावून ऐकत हुतीस व्हय? त्यो म्हणाला मगाशी."

सुविधा काम करत होती तोवर मागच्या खोलीत दुसरं कुणी आलं नव्हतं.

सुविधानं विक्रमला यातलं काही सांगितलं नाही. दर सहा महिन्यांनी ती न बोलावता कोगनोळीला जाते आणि त्या फायली दाबून ठेवते. गेल्या खेपेला तिनं एकच उघडून पाहिली, पाऊण तासाची. सुरुवातीला नागुबाई एवढंच म्हणतात, "बस की रं." त्यानंतर त्या एक शब्द बोलत नाहीत. पाऊण तास फक्त मधून मधून "हूं", "हूं" म्हणतात, लांबलचक हकिगत ऐकत असल्यासारख्या.