राशीवर बोलू नये

"लाभ… दोन… तीन… चार." लेकरं किती, या प्रश्नाला एवढं बोलून उकंडा थांबला.

"बराबर हाये," त्याची बायको मथुराबाई म्हणाली. "चारच लेकरं हायेत आमाले. लिहून घ्या, डाक्टरसाहेब."

"आता नुसतं 'चार' म्हणा बरं," नागपूरचा डॉक्टर म्हणाला.

उकंडानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "भैताड!"

"तुमाले नाई म्हनत जी." मथुराबाईनं पदराआड हसू दाबलं. "ह्यायच्या तोंडात दोनच गोष्टी उरल्या. मोजनी अन् भैताड. बैलाले बी भैताड, मले बी भैताड."

सन एकोणसाठचा माघ महिना होता. उकंडा आमच्या गावचा मापारी. खळ्यावर रास तयार झाली की ती मापानं मोजून द्यायची, हे त्याच्या बापापासूनचं काम. मापारी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. वीस मापं झाली की मूठभर दाणे बाजूला ठेवतो, ती एक खंडी. दिग्रसच्या बाजारात तेव्हा किलो आला होता, पण आमच्या खळ्यांवर उकंडाचंच माप चाले.

दिवाळीत त्याला लकवा मारला. माणूस मुळातच घुमा. त्याची वाचा गेली हे गावाला तिसऱ्या दिवशी समजलं. उजवा हात मथुराबाईनं तेलानं चोळून चोळून कामाला लावला. वाचेला तेल कुठं लावणार?

हा डॉक्टर अशाच माणसांची टिपणं घेत नेरपासून गावोगाव फिरत होता. तो म्हणाला, "बोलण्याची जागा मेंदूच्या डाव्या बाजूला असते. यांची तीच दुखावली. पण लहानपणापासून घोकलेलं दुसऱ्याच कुठल्या वाटेनं बाहेर येतं. ती वाट कुठून जाते, हे अजून कुणाला नीट कळलेलं नाही. तेच शोधतोय."

"म्हंजे सडक बुजली अन् शेतातली पांदन उघडी हाये," मथुराबाई म्हणाली.

डॉक्टरानं हे टिपणात लिहून घेतलं.

खरी पंचाईत पंजाबरावाच्या खळ्यावर होती. पंजाबराव अन् त्याचा धाकटा भाऊ बबनराव त्या साली वेगळे निघाले होते. ज्वारीची रास मोजून निम्मी निम्मी करायची होती. "मुक्या मानसाच्या मापावर मी वाटनी घेत नाई," असं बबनराव चावडीवर बोलून गेला होता. गावातलं मोठं खळं हेच. इथं उकंडा चुकला असता, तर बाकीच्या खळ्यांवरही त्याला कोणी बोलावलं नसतं.

"मोजू दे त्याले," पंजाबराव भावाला म्हणाला. "चुकला तं दुसरा मापारी आनू."

उकंडा राशीशी बसला. मथुराबाई अन् टिपणवही घेऊन डॉक्टरही खळ्यावर आले होते. रास मोजताना कोणी बोलत नाही, बरकत जाते म्हणतात. त्यामुळं त्याचं मुकेपण त्या खळ्यावर कोणाला वेगळं वाटलं नाही, सगळेच मुके होते. फक्त त्याचा सूर चालला होता. पहिली मूठ बाजूला पडली. पुन्हा लाभ, पुन्हा दोन. बारा, तेरा, चौदा…

"थांबा!" डॉक्टर मधेच ओरडला. "तेराच्या पुढं काय, सांगा."

उकंडाचा हात हवेतच राहिला. ओठ हलले, पण काही निघालं नाही. पांदण तुटली होती.

"पाहा!" बबनराव उठलाच. "म्या सांगतलं नव्हतं?"

"तुमी गप बसा, भाऊजी!" मथुराबाई कडाडली अन् डॉक्टरावर वळली. "अन् तुमी कायले बोलले वो? एवढे शिकले, राशीवर बोलू नये हे तुमाले कोनी शिकवलं नाई?"

डॉक्टर ओशाळला. उकंडानं कोणाकडे पाहिलं नाही. मोजलेला ढीग दोन्ही हातांनी परत राशीत लोटला, बाजूची मूठही त्यात टाकली अन् पहिल्यापासून सुरू केलं.

आता खळ्यावर कोणी खोकलंही नाही. बबनराव दर मापाला एक खडा बाजूला सारत होता. रास संपली तेव्हा उकंडापुढं तीन मुठी होत्या अन् तोंडात शेवटचा शब्द 'दहा' होता. बबनरावानं आपले खडे मोजले. सत्तर. मग, भावाकडे न पाहता, पुन्हा मोजले. सत्तरच.

"एक खंडी पंधरा तुह्यी, तेवढीच माह्यी," पंजाबराव म्हणाला. "आता बोल."

"बोलू काय?" बबनराव खडे झटकत उठला. "तुरीची रास पडून हाये माह्यी. उन्हं चढायच्या आंदी ये म्हना त्याले."

डॉक्टराला अजून काही विचारायचं होतं. मथुराबाईनं त्याच्या हाती पाण्याचा तांब्या दिला अन् त्याला बाभळीखाली बसवलं. उकंडानं मापातला भुसा फुंकून काढला, माप खांद्यावर टाकलं अन् शेताचा धुरा ओलांडून तुरीच्या खळ्याकडं चालू लागला.