लाल नखं आणि कोळशाची गाडी

ती गोष्ट मी अजून विसरलो नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण त्या दिवसाएवढा मी कधी भ्यालो नाही.

दुसऱ्या लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारीच्या मागं कोळशाचा बंब बसवायचा आणि त्याच्या गॅसवर गाडी हाकायची, अशी रीत पडली होती. मी हुबळीत जमादार होतो. शिक्षण मराठी चौथी. फौजदारसाहेब बंदोबस्तावर गेलेले, ठाणं माझ्या अंगावर.

गावातल्या दोघा दोस्तांनी एक जुनी सर्व्हिस मोटार विकत घेतली. आतली उतारूंची बाकं उपटून तिची व्हॅन केली आणि बदली झालेल्यांचं घरसामान पोचवायचा धंदा काढला. एक ड्रायव्हर, दुसरा अंगानं दांडगा, हमाली जाणणारा. पंधरवडाही झाला नव्हता. एक दिवस ड्रायव्हर गाडी घेऊन थेट ठाण्यात आला. मागं सामानात त्याचा दोस्त मरून पडला होता.

एका कारकुनाचं बिऱ्हाड अळणावरला न्यायचं होतं. गाद्यांवर धूळ बसू नये असं कारकुनाच्या बायकोनं बजावलं, म्हणून मागचा ताडपत्रीचा पडदा दोरीनं गच्च बांधला. आरशाचं कपाट धरायला तो दांडगा दोस्त आत बसला. धारवाडच्या अलीकडं चहाला थांबून पडदा सोडला, तर हा गार.

अंगावर जखम नव्हती. ओठ मात्र लालभडक.

"विडा खाल्ला होता काय रे?"

"होय अण्णा. निघताना मीच दिला."

मी पंचनाम्यात विडा घातला. डॉक्टरांनाही विषाची शंका आली. पोटातला ऐवज तपासाला मुंबईला गेला. जबाब यायला महिना तरी लागणार होता.

दुसऱ्या दिवशी आमच्या हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरचा चहावाला आपण होऊन आला. म्हणाला, "जमादारसाहेब, गाडीच्या दारावर नाव कुणाचं वर, कुणाचं खाली, यावरून दोघं माझ्या बाकड्यावर भांडले. ड्रायव्हर ओरडला, तुझं नाव पुसायला मला किती वेळ लागतो बघच!"

मला एवढं पुरलं. ड्रायव्हरला समोर बसवलं. मी हात उगारला नाही, पण फाशीचा दोर कसा ओढतात ते सावकाश सांगितलं. तो खाली उतरून माझ्या पायाशी बसला.

"इल्ला अण्णा, नाही हो! रागात बोललो. दोस्त होता माझा."

"मग विड्यात काय घातलंस?"

तिसऱ्या दिवशी सकाळी तो मोडला. "होय साहेब, मी केलं. काय केलं ते तुम्ही सांगा, मी अंगठा देतो."

असं बोलणारा माणूस खोटी कबुली देतो आहे, हे पोरालाही कळलं असतं. मला कळलं नाही. उद्या सकाळी मॅजिस्ट्रेटसमोर जबाब द्यायला त्याला उभा करायचा ठरवलं आणि मिशीला पीळ देत घरी जेवायला गेलो.

बायकोला फुशारकीनं सगळं सांगितलं. ती वाढता वाढता थांबली.

"ओठ लाल होते म्हणता. नखं कशी होती?"

"तीही लालसर होती. का?"

"नखांनी कुणी विडा खातं का हो?"

मी घास खाली ठेवला. ती म्हणाली, "माझी अक्का बाळंतिणीच्या खोलीतच वारली. खाटेखाली कोळशाची शेगडी, दारं खिडक्या बंद. तोंड असं टवटवीत की बायका म्हणाल्या, कशी तेजानं गेली! नखं मी पाहिली होती, तीही अशीच लाल. त्या गाडीला कोळसा कुठं बसवलाय?"

कोळसा पडद्याला लागूनच होता.

दुपारी ड्रायव्हरला कोठडीतून काढलं. तो बंब पेटवायचं त्यालाच ठाऊक. त्याच्याशेजारी एक शिपाई बसवला. मी एक कोंबडी घेऊन मागं शिरलो आणि पडदा तसाच बांधायला लावला. "मी तुझ्या पाठीमागच्या फळीवर ठोकत राहीन. तारिहाळ गावापर्यंत चल. कोंबडी पडली की जोरात ठोकतो, तेव्हा थांब."

वास काही आला नाही. डोकं दुखू लागलं, कपाळावर ठोके पडावेत तसं. मग कोंबडीनं मान टाकली. मी पाहिलं, कळलं, ठोकायला हात उचलावा म्हटलं तर हात उचलेना. ओरडावं तर जीभ हलेना. हा आता थांबणार नाही, का थांबेल, असं मनात आलं. त्याला फासाकडं नेणारा मीच होतो. त्या अंधारात मी देवाचं नाव घेतलं नाही. बायको दिसली.

डोळे उघडले तेव्हा रस्त्याकडेच्या गवतात पडलो होतो. ड्रायव्हर माझी छाती चोळत रडत होता. शिपायानं नंतर सांगितलं, "मी म्हटलं, तारिहाळ आलं नाही अजून, चल पुढं. हा ऐकेना. म्हणाला, अण्णाचं ठोकणं बंद झालंय."

बंबाचा सांधा फुटला होता आणि गॅस बंबाकडच्या फळीच्या भोकातून आत येत होता. डॉक्टरांना कळवलं तर म्हणाले, रक्तही फार लाल होतं, पण कोळशाचं ध्यानात आलं नाही. ड्रायव्हर सुटला. बंब दुरुस्त करून त्यानं धंदा चालू ठेवला. दारावर मेलेल्या दोस्ताचं नाव वर रंगवून घेतलं.

मी शिकलो ते एवढंच. भ्यालेला माणूस तुम्हाला हवं ते बोलतो, त्याला कबुली म्हणू नये. आणि मी स्वतः किती भितो हे त्या गाडीत कळल्यावर कुणाला फाशीचा दोर दाखवून विचारलं नाही.

रिपोर्टात मी लिहिलं, "माझ्या असे निदर्शनास आले." साहेबांनी शाबासकी दिली, ती मी घेतली. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "घ्या की, गाडीत तुम्हीच बसला होता." आणि भाकरी थापत राहिली.

गेल्या वर्षी ती गेली. शेवटी तिची नखं पांढरी पडत गेली, मी बघत बसलो होतो.

यात कुणाचं नाव घालायचं नाही असं ठरवून लिहायला बसलो. पण एक घालतो. तिचं नाव गंगा. चाळीस वर्षांत "अगं" म्हणूनच हाक मारली, नाव कधी तोंडानं घेतलं नाही.