संजूच्या गाडीसारखे टायर

त्या दिवशी सकाळी साडेसातला मी डोंबिवलीतून गाडी काढली, तेव्हा अण्णांना सांगितलं की टिटवाळ्याला मैत्रिणीकडे जाऊन येते. ते खोटं होतं. मी टायर शोधायला निघाले होते, आणि तेही माझ्या धाकट्या भावाच्या, संजूच्या, गाडीला आहेत अगदी तसे.

नव्वदीच्या मध्यावरची ही गोष्ट. माझी गाडी आठशे सीसीची, पांढरी, दहा वर्षं जुनी, एका डॉक्टरांनी वापरून सोडलेली. संजूची तीच, तेवढीच जुनी, फक्त लाल. मी शाळेत भूगोल शिकवायचे आणि वडिलांबरोबर डोंबिवलीत राहायचे. संजू बायको-मुलांसह ठाण्याला. गणपती झाल्यावर त्याने रिमा बदलून गाडीला रुंद, बसके, शर्यतीच्या गाडीला शोभतील असे टायर घातले. तेव्हापासून दर रविवारी तो यायचा आणि अण्णांना घोडबंदर रोडला फिरवून आणायचा.

अण्णा तीस वर्षं मुंबई-नाशिक लॉरी चालवलेला माणूस. गाडीबद्दल त्यांच्या तोंडून सहसा चांगला शब्द निघत नसे. पण रविवारी जेवताना त्यांचं सुरू व्हायचं, "काय रस्ता धरते त्याची गाडी! वळणावर जरासुद्धा झोल नाही." मी एकदा न राहवून विचारलं, "आणि माझी?" ते ताकाची वाटी उचलत म्हणाले, "बरी आहे की."

ते ऐकून माझी भूकच गेली. औषधाच्या गोळ्या मी आणायचे, पाठीला तेल मी लावायचे, आणि कौतुक कुणाचं, तर आठवड्यातून तीन तास येणाऱ्याचं. संजूला मी फोनवर विचारलंही, टायर कुठे मिळाले म्हणून. तो हसला. "मिळाले एका ठिकाणी. तुला कशाला हवेत, ताई? तू कुठे एवढी पळवतेस?"

पुढच्या रविवारी अण्णांना सत्तर वर्षं पूर्ण होणार होती. दोन्ही गाड्या घेऊन माळशेज घाटात जायचं ठरलं होतं. अण्णा कुणाच्या गाडीत बसणार हे कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. मी ठरवलं, रविवारच्या आत माझ्या गाडीखालीही तसलेच टायर असले पाहिजेत.

पत्री पूल ओलांडून कल्याणला पोचले तेव्हा दुकानांची दारं नुकती उघडत होती. डिसेंबरचं ऊन अजून कोवळं होतं. मुरबाड रोडवरच्या पहिल्या दुकानात मालक उदबत्ती लावत होते. मी रुंद टायर म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"गाडी साहेब चालवतात का?"

"मी चालवते."

"मग बाई, साधेच घ्या. शाळेत जायचं, भाजी आणायची. हे बघा, वर्षानुवर्षं झिजणार नाहीत."

मी त्या टायरवर अंगठ्याचं नख दाबून पाहिलं. नख मुळीच रुतलं नाही. इतकं कडक रबर झिजणार नाही हे खरं, पण ओल्या रस्त्यावर ते धरणार कशाला? हे मला अण्णांनीच शिकवलेलं. मी "बघते" म्हणून निघाले. त्यांनी "भाजी आणायची" हे कोणत्या सुरात म्हटलं ते मात्र शहाडपर्यंत डोक्यात घोळत राहिलं.

शहाडला पुलाखालच्या गल्लीत एक गोडाऊन होतं. तिथे परदेशातून आलेले वापरलेले टायर मिळतात असं शाळेतल्या शिपायाने सांगितलं होतं. आत टायरांच्या उतरंडी छतापर्यंत गेलेल्या, आणि जुन्या रबराचा वास असा की डोळ्यांत पाणी यावं. तिथला माणूस माझ्याच वयाचा, उत्साही.

"मॅडम, एकदम कडक माल आहे. जपानचा. रोडला चिपकून चालेल, टेन्शनच नाय."

टायर रुंद होते, नक्षी बाणासारखी, अगदी संजूच्या टायरांसारखी. माझं मन लगेच तयार झालं. बाजूच्या भिंतीवर बारीक चिरा दिसत होत्या, त्या मी पाहिल्या आणि न पाहिल्यासारखं केलं. "पुढचे दोन बसवून एक चक्कर मारते," मी म्हटलं.

उल्हास नदीच्या पुलापर्यंत जायचं आणि वळून यायचं, एवढीच चक्कर. सरळ रस्त्यावर गाडी छान चालली. स्टिअरिंग जड लागत होतं, पण ते जडपणही मला रुबाबदार वाटलं. पुलाच्या अलीकडे मी गाडी वळवायला घेतली आणि पुढून खर्र खर्र असा आवाज सुरू झाला. चाक पूर्ण फिरवलं की टायर मडगार्डला घासत होता. मधेच थांबावं लागलं. मागे दुधाचा टेम्पो. टेम्पोवाला खाली उतरला, वाकून चाकाकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई, बैलाची खुरं बकरीला लावलीत की काय?"

आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. माझे कान तापले. मागे-पुढे, मागे-पुढे करत गाडी कशीबशी वळवली. गोडाऊनवाला अजिबात डगमगला नाही. "मडगार्ड थोडा कापून टाकू ना." मी माझे जुने टायर परत चढवायला सांगितले. तेव्हा तो जरा नरमला. "असं करा, बाळकुमला जा. खाडीकडे धर्मादादा आहे, कोळी. तुमच्या गाडीच्या साइजमध्ये चांगला माल ठेवतो तो. खोटं नाय बोलत."

कल्याणला परत येऊन दुर्गाडीवरून खाडी ओलांडली, कोनमार्गे भिवंडीत शिरले. दोन्ही बाजूंनी मागांची खटखट, रस्त्यावर सुताचे गठ्ठे वाहणाऱ्या हातगाड्या. पुढे कशेळीच्या पुलावर एकदम मोकळं झालं. खाली ओहोटीची खाडी, चिखल उन्हात चकाकत होता, आणि त्यात बगळे एकेक पाय उचलून चालत होते. एरवी मी तिथे थांबले असते, पुढच्या धड्यासाठी चित्र काढून घेतलं असतं. त्या दिवशी मी फक्त समोरून येणाऱ्या गाड्यांची चाकं बघत होते.

धर्मादादाचं दुकान म्हणजे घराची पडवी. साठीचा, काळाकभिन्न, डोक्याला रुमाल. त्याचे वडील खाडीत मासे मारायचे. होडी धक्क्याला आपटू नये म्हणून बाजूला बांधायला जुने टायर लागायचे, ते गोळा करता करता याचा हा धंदा झाला, असं त्याने मला पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं.

"बाय, गारी (गाडी) सावलीत लाव. काय पायजे?"

त्याने दोन प्रकारचे टायर समोर ठेवले. एक माझ्या मूळ रिमांवर बसणारे, आत्ताच्यापेक्षा जरासेच रुंद, पण रबर मऊ आणि नक्षी खोल. दुसरे हुबेहूब संजूचे. मोठ्या रिमांसकट एकच संच उरला होता. मी खाली बसले आणि दोन्हींवर अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं. धर्मादादा माझ्या हाताकडे बघतच राहिला.

"असा नख लावून बघनारा एक म्हातारा आलता गनपतीचे टायमाला. सगला दिस हितंच बसला. लॉरीवाला व्हता, डाव्या हाताचा आंगठा अर्धा तुटलेला."

माझ्या हातातून टायर निसटला. डाव्या हाताचा अर्धा अंगठा अण्णांचा. लॉरीच्या मागचं फाळकं त्यावर पडलं होतं. गणपतीच्या सुमारास ते डोळे तपासायला म्हणून ठाण्याला आले होते आणि पुरा दिवस घालवून परतले होते. म्हणजे संजूचे टायर अण्णांनी निवडले होते. या पडवीत बसून, एकेक टायर नखाने तपासून. मला वाटलं, माझी गाडी तीन वर्षं घरासमोर उभी आहे, तिच्या टायरकडे त्यांनी एकदाही वाकून पाहिलं नाही.

"माझे वडील ते," मी म्हटलं. "भावाचे फार लाड आहेत."

"लाड?" धर्मादादा मोठ्याने हसला. "आगो बाय, लाड कसले! घोडबंदरला गायमुखाचे वलनाला त्याचे पोराची गारी घसरली ना पावसात. गरगर फिरली नि खारीचे (खाडीचे) कडंला तोंड करून उबी राह्यली. म्हातारा आतच व्हता. तुना (तुला) कोनी सांगतला न्हाई?"

मला कुणीच सांगितलं नव्हतं.

"माना (मला) बोलला, पोराचा हात जड हाय, वलनात शिरल्यावर बिरेक मारतो. सांगून ऐकत न्हाई. मंग निदान टायर तरी धरनारे पायजेत. दुसरी पोर हाय म्हनं डोंबिवलीला, तिची कालजी न्हाई, ती बराबर चालवते."

मी तिथल्या बाकावर बसले. काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. अण्णा गाडीत होते आणि गाडी खाडीकडे तोंड करून थांबली, ते चित्र डोळ्यांसमोरून हलेना. "ती बराबर चालवते" हे ऐकून डोळे भरून आले. आणि त्याच वेळी, लाज वाटते पण खरं आहे, संजूचा मला आणखीनच हेवा वाटला. त्याच्या काळजीपोटी त्यांनी इथे एक आख्खा दिवस काढला. माझ्या वाट्याला एक वाक्य, आणि तेही परक्या माणसाला सांगितलेलं.

धर्मादादाच्या बायकोने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. निवट्यांचं (खाडीच्या चिखलात उड्या मारणारे छोटे मासे) लालभडक कालवण आणि तांदळाची भाकरी. जेवताना मी समोरच्या रुंद टायरांकडे सारखी बघत होते. तिच्या ते लक्षात आलं. "घे की, मन झाला तं," ती म्हणाली.

"माझ्या गाडीला गरज आहे का त्यांची?" मी धर्मादादाला विचारलं.

तो हात धुऊन गाडीत शेजारी येऊन बसला. "चल, कोलशेतपरयंत दाखव." मी नेहमीसारखी चालवली. वळणाआधी वेग कमी, वळणात पाय हलका, बाहेर पडताना पुन्हा दाब. येईपर्यंत तो माझ्या पायांकडेच बघत होता. उतरल्यावर म्हणाला, "तुजे टायर म्हातारे झाले, ते बदल. पन ते रुंदवाले ठेव तिथंच. नुसता पेट्रोल पितील."

मी जरासे रुंद, मऊ रबराचे चार टायर बसवून घेतले. निघताना दुसऱ्या संचाकडे एकदा वळून पाहिलंच.

परतताना ठाणे, कळवा करत मुंब्र्याच्या डोंगराखालून आले. शीळच्या वळणांवर गाडी अशी बसून चालली की मला एकटीलाच हसू आलं. कापलेल्या भातशेतांवर संध्याकाळचं ऊन तिरकं पडलं होतं.

अण्णा गॅलरीत बसले होते. खाली आले, गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून नख लावलं.

"धर्माकडे गेली होतीस."

"हो. गायमुखचंही कळलं."

ते टायरजवळून सरळ उभे राहिले. मग म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू त्याला बोलली असतीस. बायको-मुलांसमोर त्याची लाज गेली असती."

"आणि मला चांगलं म्हटलं असतंत तर कुणाचं काय गेलं असतं?"

एवढ्या वर्षांत मी त्यांना असं कधी विचारलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "तुझ्या गाडीत मला रस्ता बघावा लागत नाही, शालू. म्हणून बोलायचं सुचत नाही. त्याच्या गाडीत सारखा उजवा पाय दाबून बसतो मी. घरी येतो तेव्हा पोटरी दुखत असते." मग हळूच म्हणाले, "त्याचं कौतुक त्याच्या कानावर जावं म्हणून करतो. चांगलं म्हटलं की ते टिकवायला तरी जरा सावकाश चालवेल."

रविवारी ते संजूच्याच गाडीत बसले. मी एकटी, मागच्या सीटवर जेवणाचे डबे. मुरबाडला चहाला थांबलो तेव्हा संजू तोंड पाडून माझ्या खिडकीशी आला. "ताई, अण्णा म्हणतात तू पुढे हो. घाटात तू जशी वळवशील तशीच मी वळवायची. आणि सारखं तेच, ताईचं बघ, ताईचं बघ. एवढे टायर घालून उपयोग काय मला?"

मी गाडी पुढे काढली. घाटात प्रत्येक वळणावर आरशात लाल गाडी माझ्या मागोमाग, माझ्याच रेघेवर येताना दिसायची, आणि काचेआड अण्णांचा हात पुढे, माझ्या गाडीकडे बोट दाखवणारा.

माझा मत्सर त्या दिवशी गेला असं मी म्हणणार नाही. वर पोचल्यावरही अण्णा आधी संजूच्या खांद्यावर हात ठेवूनच उतरले, आणि ते मला टोचलंच. पण परत निघताना संजूच्या डोळ्यांत मी जे पाहिलं ते ओळखीचं होतं, माझाच हेवा. म्हणून शेवटच्या उतारावर मी हात बाहेर काढून त्याला पुढे जायची खूण केली.

तो पुढे गेला नाही. माझ्या मागेच राहिला, कल्याणपर्यंत.