वाडग्याखालची घडी

धुकं असं दाटलं होतं, की समोरच्या दुकानाची पाटी दिसेना. पण इस्त्रीवाल्या मावशीची इस्त्री सातलाच तापली होती. अकराच्या आत हॉटेलचे बावीस टेबलक्लॉथ हातावेगळे करून तिनं चपला सरकवल्या.

"निघालीस?" शर्टाला बटण लावत लेक म्हणाला. "दर बुधवारी तेच चित्र बघायला! त्यातल्या टेबलावर तुला जेवायला वाढणारेत का कधी?"

"वाढलं तर तुझंही ताट मांडायला सांगते. तोवर कॉलरींवर पाणी मारून ठेव."

बुधवारी संग्रहालयात फुकट सोडत. वरच्या मजल्यावर खिडकीलगत ते चित्र होतं. टेबल, पांढरं कापड, निळं वाडगं, तीन लिंबं. लोक "छान आहे" म्हणत चालते होत. मावशीचा उभा जन्म घड्या घालण्यात गेलेला, तिचा जीव त्या कापडात अडकला होता. घडीची एक रेघ टेबलाच्या काठावरून निघून वाडग्याखाली शिरायची, ती पलीकडे निघायचीच नाही. कापडावरची रेघ अशी मध्येच मरत नसते. सात बुधवार मावशी तिच्या मागावर होती.

आज तिथला बाक गायब होता. ओळखीचा पहारेकरी मान खाली घालून म्हणाला, "मावशी, नवे साहेब आलेत. एका चित्रापुढे दोनच मिनिटं. गर्दी होते म्हणे."

"कुठाय गर्दी? तू, मी आणि ही तीन लिंबं."

"वरचा हुकूम आहे हो."

"मग वर सांग, दोन मिनिटांत रुमाल होतो. हा टेबलक्लॉथ आहे."

गुडघे कुरकुरत होते. मावशी भिंतीला हात न लावता उभी राहिली. अर्ध्या तासानं साहेबच आले.

"आजी, पुढे व्हा. एवढं काय बघायचंय त्यात? खाली लिहिलंय ना, श्रीमंत घरचा मेजपोश."

"लिहिणाऱ्यानं कधी इस्त्री धरली होती का?"

"हे बघा, नाहीतर बाहेर काढावं लागेल. परत आत सोडणार नाही."

"काढा. दोघं लावा पण, मी जड आहे."

हे बोलतानाही तिची नजर कापडावरून हलली नव्हती. आणि तेवढ्यात ती रेघ सापडली! वाडग्यापलीकडे, दोन बोटं वर सरकून, पुसटशी. तिथला पांढराही जरा पिवळट.

"अगं बाई! एक नाही, दोन कापडं आहेत ही," मावशी म्हणाली. "श्रीमंत कसलं घर! मोठं कापडच नव्हतं त्या घरच्या बाईकडे. दोन जुनी जोडली आणि वाडगं बरोब्बर जोडावर ठेवलं. माझ्या सासूनं हेच केलं असतं."

"काहीतरीच," म्हणत साहेब पुढे वाकले. मग त्यांनी चष्मा पुसला आणि परत वाकले. मग डावीकडून पाहिलं. पहारेकरी हळूच घड्याळाकडे बघायला लागला.

"साहेब," मावशी म्हणाली, "तुमची दोन मिनिटं केव्हाच झाली. व्हा पुढे."

ते हलले नाहीत.

"पुढच्या बुधवारी लिंबं बघायचीत. बाक नसला तर घरचं स्टूल आणीन," असं त्यांच्या पाठीला बजावून ती जिना उतरली.

दुकानात कॉलरी ओल्या होऊन पडल्या होत्या. मावशीनं पदर खोचला, ओलं बोट इस्त्रीला टेकवलं. चर्र झालं. तिनं पहिला शर्ट ओढला.