मक्याकडेचा खड्डा

डिपरमध्ये पुन्हा कोष निघाले. डिपर म्हणजे लांब दांड्याचा पळा. डबक्यातलं पाणी त्यानं काढायचं आणि डासांच्या अळ्या बघायच्या. अळीचा कोष होतो, कोषातून डास उडतो. आठवड्याला एकदा पाण्यावर तेल सोडलं की अळी कोषापर्यंत पोचत नाही, असं आमच्या मलेरिया खात्याचं गणित. म्हणजे कोष दिसला की तेल सोडणाऱ्यानं फेरी बुडवली, हे ठरलेलं.

सत्तरच्या दशकात हिवताप पुन्हा उसळला, तेव्हाची गोष्ट. मी आष्ट्याला इन्स्पेक्टर होतो. खड्डा वीटभट्टीसाठी माती काढून झालेला, कडेला मका. तेल सोडणारा शंकर पलटणीतून परतलेला, रोजंदारीवर. कायम होण्याची वाट बघत होता. त्या दिवशी विश्रामबागच्या जिल्हा ऑफिसातून माझे साहेब जीपनं आले होते.

"फेरी का बुडवलीस?"

"तेल सोडलंय सायेब."

"मग हे कोष कसे?"

"त्यास्नीच इचारा. तुमचं पुस्तक त्येंनी वाचल्यालं न्हाई."

साहेब तापले आणि माझ्याकडे वळले. आदल्या फेरीला मी त्याच खड्ड्यावर उभा होतो. पाण्यावर पसरलेलं तेल मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण पुस्तक चुकत असेल, हे डोक्यातच आलं नाही.

"कमी पडलं असेल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून शंकरला काम मिळालं नाही.

पुढची फेरी मी स्वतः मारली. भरपूर तेल ओतलं. आठवड्यानं पुन्हा कोष. अक्षरशः वैतागलो. गावाच्या दुसऱ्या टोकाला तसलाच खड्डा, तिथं एकही नाही. मग पाण्यावरची पिवळी पूड नजरेत भरली. मक्याच्या तुऱ्यातले परागकण. वाऱ्यानं ते खड्ड्यात पडत होते आणि अळ्या त्यावर पोसून झपाट्यानं वाढत होत्या. खात्री करायला दोन बरण्यांत सारख्याच अळ्या ठेवल्या, एकीत तुरा झटकला. त्या बरणीत आठवड्याच्या आतच, म्हणजे पुढच्या तेलाची पाळी येण्याआधीच कोष झाले. दुसरीतल्या अळ्या किडकिडीतच राहिल्या.

बरण्या घेऊन एस.टी.नं विश्रामबाग गाठलं. साहेबांनी त्या हातातही घेतल्या नाहीत.

"मका निघाला की विषय संपेल," ते म्हणाले. "शंकरला परत घ्यायचं तर आपण चुकलो असं वर कळवावं लागेल. कळवता?"

मी बरण्या उचलल्या आणि परत आलो.

शंकर मलकापूरला एका वखारीत हमाली करू लागला होता. बऱ्याच महिन्यांनी तिथं जाऊन मी त्याला परागकणांचं सगळं समजावून सांगितलं. खांद्यावरचं पोतं उतरवून त्यानं ऐकून घेतलं.

"आवं, ह्ये मला कशाला सांगताय? तेल सोडल्यालं मला ठावंच हाय. ज्यास्नी ठावं न्हाई त्यास्नी सांगा."

पुढच्या वर्षी मक्याला तुरा येताच मी त्या बाजूच्या फेऱ्या दुप्पट केल्या. कोष दिसेनासे झाले. साहेबांनी शाबासकी दिली, कारण विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

आता साहेब नाहीत, शंकरही नाही. त्याची मुलं-नातवंडं आष्ट्यात आहेत, म्हणून लिहितो. त्या आठवड्यात खड्ड्यात तेल पडलं होतं. मी तिथं उभा होतो. आणि नव्या इन्स्पेक्टरांनी कोष दिसला तर आधी कडेचं पीक बघावं, माणूस नंतर.