दुसऱ्या प्रकाराचं वर्तुळ

नाशिकच्या आमच्या लॅबमध्ये रक्तातली रोगांशी लढणारी प्रतिद्रव्यं मोजायचं नवं यंत्र आलं, तरी लॅबप्रमुख मॅडमनी जुनी पद्धत लगेच बंद करू दिली नाही. "काही दिवस प्रत्येक सॅम्पल दोन्हीकडे लावा," त्या म्हणाल्या. मी कुरकुरले. यंत्र सीरममधून, म्हणजे रक्तातल्या पिवळसर पाण्यातून, प्रकाश सोडून काही मिनिटांत आकडा द्यायचं. जुन्या पद्धतीत जेलच्या प्लेटमधल्या बारीक खड्ड्यात सीरम सोडून दोन-तीन दिवस थांबायचं. भोवती पांढरं वर्तुळ उमटतं, ते जितकं मोठं तितकी प्रतिद्रव्यं जास्त.

त्याच दिवसांत दिंडोरीकडची एक बाई लेकीला घेऊन आली. सहा वर्षांची पोर, सारखा न्यूमोनिया.

"ताई, रिपोर्ट चांगला येतो, मग पोरगी लय आजारी का पडती?"

डॉक्टरांनी या वेळी आयजीजी या मुख्य प्रतिद्रव्याचे चारही उपप्रकार मोजायला सांगितले होते. चारही प्रकारांची बेरीज ठीक असली तरी एखादा कमी असू शकतो, हे मी तिला सांगितलं.

यंत्राने दुसरा प्रकार कमी दाखवला. तिसऱ्या दिवशी वर्तुळ मोजलं, तर आकडा बराच मोठा आला. मी घाबरले.

"मॅडम, यातला खरा कुठला?"

"आकडे एकमेकांशी नको ताडूस. दोन्हींची स्टँडर्ड, म्हणजे मोजपट्ट्याच, वेगळ्या आहेत. तिच्या वयाच्या निरोगी मुलांचं त्या त्या पद्धतीतलं प्रमाण बघ."

बघितलं. दोन्हीकडे पोर प्रमाणाच्या खालीच होती. इतक्या वेगळ्या वाटांनी जाऊनही दोन्ही पद्धतींनी एकच गोष्ट सांगितली होती.

रिपोर्ट न्यायला बाई आली, तेव्हा मॅडमना विचारून मी तिला ती प्लेट उजेडात धरून दाखवली. तुलनेसाठी शेजारी माझंच सीरम लावलं होतं. माझं वर्तुळ टपोरं, पोरीचं जेमतेम दिसेल इतकं.

"हे तिच्या रक्तातलं?" बाईचा आवाज एकदम खाली आला. "एवढं बारीक दिसतं तुम्हाला?"

मी मान डोलावली, आणि नजर शेजारच्या माझ्या वर्तुळावर गेली. इतकी वर्षं दुसऱ्यांची वर्तुळं मोजली, स्वतःचं पहिल्यांदाच बघत होते. लहानपणापासूनचे किती ताप, किती खोकले माझ्या नकळत त्यानं परतवले असतील!

"बाकीचे तीन हायेत ना?" तिनं विचारलं.

"आहेत. पुढचं डॉक्टर सांगतील."

डॉक्टरांनी लस आणि औषधं सुरू केली. पुढच्या हिवाळ्यात मायलेकी पुन्हा तपासणीला आल्या. "यंदा एकदाच खोकली," बाई म्हणाली. पोर सुईकडे न बघता माझ्या टेबलावरची प्लेट निरखत होती.