जाळीवरच्या पाच चुनऱ्या

त्या वर्षी आईवरची माझी श्रद्धा गाडीच्या काट्याबरोबर वर-खाली होत होती, हे आधीच कबूल करतो. आई म्हणजे डोंगरगडची बमलाई देवी, आणि काटा म्हणजे इंजिन किती तापलं ते दाखवणारा. काटा जागेवर असला की मी गाडी चालवता चालवता तिचं नाव घेत असे. काटा लालीत गेला की तिच्याशी भांडत असे.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. गोंदियाकडची धानाची शेती भावाच्या हवाली करून मी इथे एका ठेकेदाराकडे डायवर म्हणून लागलो होतो. माझ्या ताब्यात लढाईच्या काळातली जुनी पिकअप होती. रसमडं गावाच्या पलीकडे मुरमाची खदान होती. सकाळी तिथे माणसं आणि हत्यारं न्यायची, संध्याकाळी परत आणायची. गाडी हातात आली त्याच नवरात्रात मी डोंगर चढून आईची लाल चुनरी आणली आणि रेडिएटरच्या पुढच्या जाळीवर बांधली. वाऱ्यानं फडफडू नये म्हणून चारी टोकं ताणून बांधली. कामात मी फार नीटनेटका आहे. तो गुण की खोड, हे तुम्ही ठरवा.

हिवाळा बरा गेला. उन्हं चढू लागली तशी गाडी तापू लागली. मी आईला नवस बोललो, दुसरी चुनरी आणली आणि पहिलीवर बांधली. पंधरा दिवसांनी पुन्हा वाफ निघाली, तिसरी आणली. चैत्र सरेपर्यंत पाच झाल्या, एकीवर एक, आणि मुरमाची लाल धूळ बसून त्यांचा जाड थर झाला. अर्पण केलेलं वस्त्र मध्येच काढायचं नसतं, पुढच्या आश्विनातल्या नवरात्रात नदीत सोडायचं असतं, अशी आमच्या घरची रीत. त्यामुळे धुळीचं मला काही वाटत नव्हतं.

दुसरे उपाय केले नाहीत असं नाही. वर्कशॉपात एक म्हातारे मिस्त्री होते, त्यांच्या हाताला यश होतं. त्यांनी रेडिएटर सोड्याच्या पाण्यानं धुतला, पंख्याचा पट्टा कसला, पाण्याच्या पंपाचं पॅकिंग बदललं. बॉनेट उघडं ठेवून तासभर इंजिन चालवलं, काटा हलला नाही. "इंजिनात काई खोट नाई बाप्पा," ते म्हणाले, "इथं तं मस्त चालून राहिलं." आणि रस्त्याला लागून दोन कोस झाले की पुन्हा तीच वाफ. इंजिनात खोट नाही म्हणजे माझ्या सेवेत खोट असणार, असं मी धरून चाललो.

गणवीर माझ्याच तालुक्यातला. खदानीत फीत धरून मापं घ्यायचं काम करायचा आणि माझ्या शेजारच्याच झोपडीत राहायचा. दोन वर्षांपूर्वी त्यानं घरच्यांसह बुद्धाची दीक्षा घेतली होती. आमची चूल वेगळी, देव वेगळे, पण चटणी एकच. फार शांत माणूस. एकदा मी रेडिएटरात पाणी ओतत होतो तेव्हा तो जवळ येऊन म्हणाला, "गड्या, एक सांगू का? त्या चुनऱ्या..." मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. "तुले देव नोको तं नोको," मी म्हणालो, "पण माया देवीले मधात आणू नोको." तो कॅन धरायला पुढे आला.

वैशाखातल्या त्या दुपारी खदानीवर पाण्याची बैलगाडी आलीच नव्हती. जेवणाच्या सुटीनंतर गणवीर फीत हातात धरून उभा होता तो एकाएकी खाली बसला. जवळ गेलो तर अंगाचा घाम पार सुकलेला, कातडी तव्यासारखी तापलेली, आणि बोलणं असंबद्ध. ऊन लागलं होतं. दुर्गचा दवाखाना गाठायचा तर वाहन एकच, माझी गाडी. त्याला शेजारी बसवलं, रेडिएटरसाठी राखलेला पाण्याचा एक कॅन पायाशी ठेवला आणि निघालो.

काटा चढत होता तसा मी आईचा जप करत होतो. पाणी मिळालं असतं ती शिवनाथ नदी अजून बरीच लांब होती. रसमडं मागे टाकलं आणि वाफ काचेवर आली. एका मोठ्या मोहाच्या झाडाखाली गाडी थांबवली. गणवीरचे डोळे मिटले होते. मी कॅन हातात घेऊन उभा राहिलो. पाणी इंजिनात ओतावं तर माणूस जळतोय, माणसावर ओतावं तर गाडी इथंच मरते. इतकी साधी गोष्ट मला ठरवता येत नव्हती, आणि त्या क्षणी आईचा मला राग आला, हेही लिहून ठेवतो.

झाडाखाली एक म्हातारी तेंदूपत्त्याचं ओझं उतरवून बसली होती. ती उठली, गणवीरच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली की याला ओल्या कापडात गुंडाळ. माझ्याजवळ खांद्यावरचा पंचा होता, तो काय पुरणार? तिनं जाळीकडे बोट दाखवलं. मी म्हणालो, ते देवीचं आहे, काढता येत नाही.

"दाई के लुगरा ए, बेटा," ती म्हणाली. "लइका बर नइ त काखर बर?"

आईचं लुगडं लेकरासाठी नाही तर कोणासाठी. मी जाळीकडे वळलो. गाठी मी अशा मारल्या होत्या की सुटेनात. शेवटी दातांनी सोडवल्या. पाचही चुनऱ्या झटकून अर्ध्या कॅनात भिजवल्या आणि गणवीरला मागच्या फळीवर निजवून त्याच्या अंगभर पसरल्या. म्हातारी न सांगता वर चढली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. उरलेलं अर्धं पाणी, वाफ ओसरल्यावर, रेडिएटरात ओतलं. मैलभर चालली तरी पुष्कळ, असं मनात म्हणालो. पुढचं आता तुझं, आई. खरं सांगायचं तर त्या दिवशी पहिल्यांदाच मी तिला काही न देता काही मागितलं.

काटा वर आला नाही. मैल झाला, दोन झाले, शिवनाथ आली. तिथल्या डोहात चुनऱ्या पुन्हा भिजवल्या, कॅन भरला, तरी काटा जागेवरच. दवाखान्यात गणवीरला आत नेलं आणि बाहेर आलो तर म्हातारी दिसली नाही. त्या संध्याकाळी मी पायरीवर बसून रडलो. आई स्वतः आली होती, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

तिसऱ्या दिवशी चुनऱ्या धुऊन, वाळवून परत जाळीवर बांधायला बसलो. इंजिन चालू होतं. पहिली चुनरी जाळीसमोर धरली आणि ती माझ्या हातातून ओढली जाऊन जाळीला चिकटली. पंखा आतून हवा ओढत होता. चुनरी काढली, तळहात धरला, बोटांमधून वारा आत जाताना लागला. ज्या वाटेनं इंजिनाला गारवा मिळायचा तीच वाट मी पाच पदरांनी बंद केली होती, आणि ते तापलं की सहावा आणायचा विचार करत होतो. बॉनेट उघडं ठेवलं की वरून हवा मिळायची, म्हणून तेव्हा गाडी तापत नव्हती, तेही कळलं. मिस्त्रींनी देवीच्या वस्त्राला हात लावला नव्हता, म्हणून त्यांनाही दिसलं नव्हतं.

दवाखान्यात जाऊन गणवीरला सगळं सांगितलं. तो उशीला टेकून पेज पीत होता. मला वाटलं हसेल. तो हसला नाही.

"मले ते तवाच वाटलं होतं," तो म्हणाला.

"मंग सांगतलं कावून नाई?"

"सांगत होतो ना. तू बोलू दिलं नाई." वाटी खाली ठेवून तो पुढे म्हणाला, "मंग मले वाटलं, आता पुन्हा बोललो तं तू म्हनशीन, दीक्षा घेतली म्हून आमच्या देवीवर उठला. आपली दोस्ती तुटन. गाडी तापते तं तापू दे."

मला त्याच्याकडे पाहवेना. माझी मैत्री टिकावी म्हणून तो गप्प राहिला होता आणि त्या गप्प राहण्यापायी त्याचाच जीव जाता जाता वाचला. चुनऱ्यांनी हवा अडवली हे खरं, पण त्याचं तोंड मी अडवलं होतं. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ दे. थंड मस्त लागत होत्या त्या, एवढं आठवते मले."

अशा अनुभवात ती बाई पुन्हा कुणाला दिसत नाही, असं ऐकलं आहे. मला ती आठवड्याभरात त्याच मोहाखाली दिसली. त्या दिवशी न सांगता का गेली, असं विचारलं तर म्हणाली, "मोर मोटरी रुख तरी परे रिहिस." पानांचं ओझं झाडाखाली राहिलं होतं, म्हणून मिळेल त्या बैलगाडीनं परत आली होती. मग विचारलं, "लइका बाँचिस?" वाचला, मी म्हणालो. तिचं ओझं मागे टाकलं, तिला पुढे बसवलं आणि गावापर्यंत सोडलं. ती देवी नव्हती. पण ती उतरताना मी पाया पडलो तेव्हा कोणाच्या पाया पडतोय असा प्रश्न मला पडला नाही.

पुढे जाळीवर मी काही बांधलं नाही. पाचही चुनऱ्या घडी करून सीटखाली ठेवल्या. त्या उन्हाळ्यात आणि नंतरच्या कित्येक उन्हाळ्यांत त्या भिजल्या, वाळल्या, कोणाकोणाच्या अंगावर गेल्या. नवरात्रात डोंगर अजून चढतो, गुडघे कुरकुरतात तरी चढतो. आईनं माझी गाडी कशी थंड केली, वाऱ्यानं की कृपेनं, याचा वाद मी घालत नाही. वारा तरी कोणाचा आहे? पूर्वी वर पोचलो की तिला नवस बोलायचो. आता एवढंच म्हणतो, की आई, माझ्यासमोर खरं बोलायची भीती कोणाला वाटू देऊ नकोस.